फाडलेली पानं आणि फ्रेंच डायऱ्या

गेल्या महिन्यात कपाट आवरताना माझी नववीतली डायरी सापडली. आवरणं राहिलं बाजूला, तिथेच फरशीवर बसून वाचत सुटले. "आज गणिताचा पेपर बरा गेला." मग "आज काही विशेष नाही", दुसऱ्या दिवशी परत "आज काही विशेष नाही", असं सलग सहा दिवस, आणि मग एकदम चार पानं गायब. शिवणीपाशी दातेरी कडा उरल्यात, म्हणजे पट्टी लावून व्यवस्थित वगैरे नाही, रागात टराटरा फाडलेली दिसतायत. फाडली मीच असणार, दुसरं कोण हात लावणार त्या वहीला, पण त्यात काय लिहिलं होतं ते काही केल्या आठवत नाहीये. त्यापुढच्या पानावर पुन्हा, "आज काही विशेष नाही".

हे एवढं मनाला लागायचं कारण म्हणजे गेली दोन-तीन वर्षं मी फ्रेंच शिकतेय आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन फ्रेंच लोकांच्या डायऱ्या वाचतेय. कादंबऱ्या झेपत नाहीत हे खरं कारण, डायरीची वाक्यं छोटी असतात, एक दिवस वाचून पुस्तक मिटता येतं. पण वाचता वाचता एक खोड लागली. कुठलीही डायरी हातात आली की त्यात काय लिहिलंय त्याआधी मी बघते की हिच्यातलं काय गेलंय, आणि कात्री कुणाच्या हातात होती. आणि खरं सांगते, फ्रेंच डायरीचा सगळा इतिहास या एका प्रश्नावर लावता येतो असं मला आता वाटायला लागलंय.

फ्रेंचमध्ये याला 'जुर्नाल अँतीम' म्हणतात. 'जूर' म्हणजे दिवस, त्यावरून जुर्नाल, आणि अँतीम म्हणजे खाजगी, अगदी आतलं. तिकडे हा साहित्यातला रीतसर प्रकार मानला जातो, डायरी लिहिणाऱ्यासाठी 'दियारिस्त' असा वेगळा शब्द आहे, त्यावर जाडजूड अभ्यास आहेत. आपल्याकडे लेखकाची डायरी छापली तरी ती त्याच्या 'खऱ्या' पुस्तकांच्या शेपटासारखी येते. तिकडे अशीही माणसं आहेत ज्यांचं खरं पुस्तक डायरी हेच, बाकीचं शेपूट.

सुरुवात मात्र हिशेबाच्या वहीपासून झाली. घरात कोण जन्मलं, कोण गेलं, द्राक्षं किती निघाली, कुणाला किती पैसे दिले, असल्या नोंदींच्या कौटुंबिक वह्या शेकडो वर्षं चालत होत्या. सोळाव्या लुईचा तो प्रसिद्ध किस्सा इथेच बसतो. १४ जुलै १७८९, पॅरिसमध्ये लोकांनी बास्तीयचा तुरुंग फोडला, आणि राजाच्या डायरीत त्या दिवशी एकच शब्द, 'रियाँ', म्हणजे काही नाही. सगळे हसतात त्याला, मीही हसले होते. पण ती वही होती मुख्यतः शिकारीची! आज शिकार नाही, म्हणून रियाँ. माझ्या "काही विशेष नाही" सारखंच की हे, फक्त माझ्या खिडकीखाली क्रांती चालली नव्हती.

मग अठराव्या शतकात तत्त्वज्ञ रूसो येतो आणि म्हणतो की हवेचा दाब रोज मोजतात तसा मी माझ्या आत्म्याला बॅरोमीटर लावणार. इथून वहीचं तोंड आत वळलं. दिवसभरात काय घडलं यापेक्षा त्याने मला काय वाटलं, हे लिहायला लागले लोक.

पण त्या काळातला माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे रेतिफ द ला ब्रेतोन नावाचा लेखक. हा गडी चक्क दगडावर डायरी लिहायचा. पॅरिसमध्ये सेन नदीच्या मधोमध सँ-लुई नावाचं बेट आहे, त्याच्या कडेने दगडी कठडा आहे. १७७९ पासून रेतिफ संध्याकाळी त्या कठड्यावर तारीख आणि दोन-तीन लॅटिन शब्द कोरून ठेवायचा. कुणाशी भांडण झालं, कोण भेटली, आज रडलो, असलं काहीतरी. आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला परत तिथे जाऊन वाचायचा की गेल्या वर्षी या दिवशी आपण कसे होतो. (फेसबुकवाल्यांना वाटतं की मेमरीजची आयडिया त्यांची.) बेटावरची पोरं त्याच्या मागे लागायची, चिडवायची. आणि मग त्याच्या लक्षात आलं की कुणीतरी आपली अक्षरं घासून पुसून टाकतंय. त्याचा संशय स्वतःच्या जावयावर. मग १७८५ मध्ये हा म्हातारा उरलेली सगळी दगडावरची अक्षरं वहीत उतरवून घ्यायला बसला. ती वही नंतर हरवल्यातच जमा होती, छापून आली थेट १८८९ मध्ये. मला ते चित्र फार दिसतं डोळ्यांसमोर, संधिप्रकाशात कठड्यावर वाकलेला माणूस, बोटांनी चाचपत स्वतःचंच अक्षर शोधतोय.

आता कात्री बाहेरून येणार हे माहीत असेल तर हुशार माणूस काय करेल? कोड वापरेल. बँजामँ काँस्ताँने तेच केलं. हा राजकारणी, लेखक, आणि मादाम द स्ताल या त्या काळच्या भयंकर वजनदार बाईच्या प्रेमात अडकलेला, म्हणजे सोडवत नाही आणि राहवत नाही अशी अवस्था. १८०५ च्या सुमाराला त्याने रोजरोज तेच तेच लिहायचा कंटाळा आला म्हणून भावनांना नंबर दिले. १ म्हणजे शरीरसुख, २ म्हणजे 'हे कायमचं बंधन तोडून टाकायचंय' (बंधन कुठलं ते सांगायला नको), ३ म्हणजे परत त्याच बंधनाकडे वळणं, ४ म्हणजे काम. असे १७ पर्यंत नंबर. १२ म्हणजे दुसऱ्या बाईवरचं प्रेम, शार्लोत, जिच्याशी त्याने १८०८ मध्ये गुपचूप लग्नही केलं. १३ म्हणजे 'सगळ्याच बाबतीत अनिश्चितता', हा नंबर मला स्वतःसाठी रोज लागेल. काही दिवसांच्या नोंदी नुसत्या आकड्यांवर भागतात. चारदा काम, एकदा दोन, लगेच तीन. एखाद्याचं अख्खं प्रेमप्रकरण असं पाढ्यासारखं वाचताना हसू येतं आणि मग जरा पोटात कालवतं, कारण २ आणि ३ हे किती वेळा एकमेकांच्या मागे येतात ते मोजता येतं ना. पुढे १८११ पासून तर त्याने भाषा फ्रेंचच ठेवून अक्षरं ग्रीक वापरली, शाळेत आपण च-च्या भाषेत बोलायचो तसलाच प्रकार.

आमिएलबद्दल थोडक्यात लिहिणं अशक्य आहे पण प्रयत्न करते. आँरी-फ्रेदेरिक आमिएल फ्रान्सचा नाही, जिनिव्हाचा प्राध्यापक, पण फ्रेंचमध्ये लिहिणारा, आणि त्याच्याशिवाय हा विषयच होत नाही. १८३९ पासून १८८१ मध्ये मरेपर्यंत त्याने सुमारे १७ हजार पानं डायरी लिहिली. सतरा हजार! हयातीत लोकांना माहीत होता तो थोड्याफार कविता करणारा, फारसं काही न करू शकलेला मास्तर म्हणून. आणि डायरीत लिहिलंय काय, तर मला काहीच का जमत नाही, पुस्तक का लिहून होत नाही, लग्न करावं की नाही. लग्नाचे फायदे-तोटे मांडून मांडून हा माणूस म्हातारा झाला आणि शेवटी एकटाच राहिला. तो गेल्यावर लवकरच एदमों शेरेर या समीक्षकाच्या प्रस्तावनेसह त्यातले निवडक तुकडे दोन खंडांत छापले गेले आणि युरोपभर गाजले. पण निवड कशाची, तर उदात्त चिंतन, निसर्ग, तत्त्वज्ञान. बायका, शरीर, चिडचिड, रोजची रडगाणी, सगळं गाळलं. त्यामुळे कित्येक वर्षं वाचकांसमोर जो आमिएल होता तो एक ढगात बसलेला ऋषी होता. पूर्ण डायरी १२ जाड खंडांत १९७६ ते १९९४ या काळात लोझानमधून आली. मी त्यातला एकच खंड चाळलाय आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर कंटाळलेही, पण तो कंटाळाच खरा वाटला. शेरेरचा आमिएल चमकदार आहे, तुकड्यातुकड्यांत कुणीही चमकदार दिसतं.

मुलींच्या डायऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये चांगल्या घरच्या मुलींना डायरी लिहायला लावायचे, साधारण पहिल्या कम्युनियनच्या (चर्चमध्ये मुलांनी पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या विधीच्या) वयापासून, वळण लागावं म्हणून, आज काय चुकलं ते देवासमोर मांडावं म्हणून. आणि ती वही आई नाहीतर शिकवणारी बाई वाचायची. म्हणजे अँतीम कसलं, होमवर्कच ते. फिलिप लजन नावाच्या अभ्यासकाने अशा शंभरेक डायऱ्या शोधून १९९३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच्याही आधी, १९८५ मध्ये, जुन्या बाजारात सापडलेली एका अनोळखी मुलीची डायरी मिशेल पेरो आणि जॉर्ज रिबेय यांनी छापली होती. वहीवर नाव नव्हतं, आतल्या तारखा आणि नात्यांवरून माग काढत काढत ही कारोलिन ब्राम, हे त्यांनी शोधलं. १८६० च्या दशकातली श्रीमंत घरची मुलगी, मनात एक आणि घरच्यांनी ठरवलं दुसऱ्याशी.

आणि या सगळ्या मुलींमध्ये एक फटाका होती, मारी बाश्कीर्त्सेफ. जन्म युक्रेनमधला, वाढली नीस आणि पॅरिसमध्ये, लिहायची फ्रेंचमध्ये. चित्रकार. सरकारी कला महाविद्यालयात बायकांना प्रवेशच नव्हता (तो मिळाला १८९७ मध्ये), म्हणून ही खाजगी आकादेमी झ्युलियाँमध्ये शिकली. हिने लपवाछपवी केलीच नाही. १८८४ च्या मे महिन्यात, क्षयाने खंगलेली असताना, तिने आपल्या डायरीला स्वतः प्रस्तावना लिहिली, त्यात सरळ म्हटलंय की खोटं बोलून आणि आव आणून करायचंय काय, मला या पृथ्वीवर काहीही करून उरायचंय, लवकर मेले तर हे छापा, आणि हे पुस्तक तंतोतंत खरं नसेल तर त्याला काही अर्थच नाही. ऑक्टोबरमध्ये गेली, २५ वर्षांची. १८८७ मध्ये डायरी छापली गेली आणि प्रचंड गाजली.

फक्त घरच्यांनी आधी तिचं वय कमी केलं होतं! जन्म १८५८ चा, सांगितला १८६० चा. म्हणजे छापील पुस्तकातली बारा वर्षांची पोर ही खरं तर चौदा वर्षांची. घरातल्या भानगडी, कोर्टकचेऱ्या गाळल्या. बायकांच्या हक्कांसाठी ती टोपणनावाने 'ला सितोयेन' नावाच्या वर्तमानपत्रात लिहायची, ती बाजूही झाकली गेली. जिने 'तंतोतंत खरं' असं लिहून ठेवलं तिच्याच पुस्तकाचं पहिलं पान खोटं. मूळ वह्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात होत्या म्हणून, नाहीतर आपल्याला कधी कळलंही नसतं.

गाँकूर बंधूंकडे येते आता, नाहीतर लोक म्हणतील गॉसिप कुठाय. एदमों आणि झ्यूल, दोन भाऊ, मिळून एक डायरी. सुरुवात २ डिसेंबर १८५१, त्याच दिवशी त्यांची पहिली कादंबरी बाजारात यायची होती आणि त्याच दिवशी लुई-नेपोलियनने बंड करून सत्ता घेतली, कादंबरीकडे बघतो कोण! बहुधा त्या दिवसाचा राग त्यांनी आयुष्यभर काढला. पॅरिसमधला एकूण एक लेखक, कोण काय जेवला, कोण काय बरळला, कुणाची बायको कशी, सगळं रात्री घरी येऊन लिहायचं. पेन मुख्यतः झ्यूलच्या हातात. १८७० मध्ये झ्यूल गेला, आणि त्याआधीचे ते महिने, भावाची वाचा आणि बुद्धी हळूहळू जाताना, ते एदमोंने त्याच डायरीत नोंदवलंय. इतकी कुचकट पानं वाचून झाल्यावर ते अचानक समोर येतं आणि पुस्तक खाली ठेवावं लागतं. कसं लिहिलं असेल, आणि का लिहिलं असेल, दोन्ही प्रश्न पडतात.

१८८७ पासून एदमोंने स्वतःच छापायला घेतली, निवडक, तरी दोस्त भडकले. रनाँसारखा मोठा विद्वान, १८७० मध्ये जर्मनांनी पॅरिसला घातलेल्या वेढ्यातल्या जेवणांवेळी तो जर्मनांचं कौतुक करत होता असं छापल्यावर जाहीर भांडायला उठला. उरलेलं सगळं आपल्या मृत्यूनंतर २० वर्षांनी छापा असं एदमों सांगून गेला. तो गेला १८९६ मध्ये. पूर्ण डायरी यायला १९५६ उजाडलं, तीही मोनॅकोमधून, कारण मधे अब्रूनुकसानीची भीती. ठरल्या वेळेनंतर आणखी चाळीस वर्षं आवंढा गिळत बसले लोक.

झ्यूल रनार या लेखकाच्या डायरीचं वाईट झालं. १८८७ ते १९१० ची डायरी, एकेका वाक्यात माणूस उभा करणारी, मला वाटतं फ्रेंच शिकणाऱ्याने हीच आधी घ्यावी. पण छापताना त्याच्या बायकोने पानंच्या पानं काढून टाकली आणि मूळ हस्तलिखित जाळलं. आता तपासायलाही काही उरलेलं नाही. तिला शिव्या घालणं सोपं आहे. पण नवऱ्याने रोज रात्री शेजारच्या खोलीत बसून आपल्याबद्दल काय लिहून ठेवलंय हे तो गेल्यावर एकदम वाचायचं, तिच्या जागी मी असते तर काडी कुठे ठेवलीय ते आधी शोधलं असतं.

याच्या बरोबर उलट जीद. आँद्रे जीदने जवळपास साठ वर्षं डायरी लिहिली आणि १९३९ मध्ये ती प्लेयाद या फ्रान्समधल्या अति-प्रतिष्ठेच्या मालिकेत आली, तिथे जिवंतपणी मान मिळालेला हा पहिला लेखक. म्हणजे डायरी आता अभिजात साहित्य, शिक्कामोर्तब. पण जाड पुस्तकभर त्याची बायको मादलेन जवळजवळ नाहीच. तिच्याबद्दलची पानं त्याने काढून ठेवलेली. तो समलिंगी, लग्न मावसबहिणीशी की मामेबहिणीशी असा माझा नेहमी घोळ होतो (मामेबहीण), प्रेम तिच्यावर, शरीर दुसरीकडे. १९१८ मध्ये तो एका तरुण मुलाबरोबर इंग्लंडला निघून गेला तेव्हा तिने त्याची तिला आलेली सगळी पत्रं एकेक परत वाचली आणि जाळली. आपलं सगळ्यात चांगलं लिखाण त्या पत्रांत होतं असं म्हणत हा पुढे दिवसेंदिवस रडला. म्हणजे बघा, तिची कात्री पत्रांवर आणि त्याची कात्री तिच्यावर. ती गेल्यावर त्याने स्वतःच लिहिलं की या डायरीत हृदयाच्या जागी फक्त एक भोक उरलंय. काढलेली पानं नंतर वेगळी आली. मी ती वाचली आणि मग मोठ्या डायरीत परत गेले, तर प्रत्येक साध्या नोंदीच्या मागे ती उभी असल्यासारखी वाटायला लागली.

समीक्षकांपैकी ब्लांशोचं म्हणणं असं की डायरीत काहीही चालतं, स्वप्नं, थापा, काहीही, फक्त कॅलेंडर पाळावं लागतं. ते पटतं. बार्तने १९७९ मध्ये एक लेख लिहून डायरी छापण्यालायक असते का अशी शंका काढली, आणि तेव्हा त्याच्याच टेबलात आई गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे २६ ऑक्टोबर १९७७ पासून, लिहिलेल्या चिठ्ठ्या पडून होत्या. चतकोर कागदांवरचं दुःख, एकेक दोन-दोन ओळी. त्या २००९ मध्ये छापल्या, त्याला विचारायला तो नव्हता. वाचू नये असं वाटत वाचल्या मी. पॉल लेओतोवर मी काहीच लिहिलं नाही इथे, १९ खंड आणि असंख्य मांजरं, त्याला वेगळी पोस्ट लागेल.

आनी एर्नो या लेखिकेने मात्र कात्री ठेवूनच दिली. १९९१ मध्ये तिने एका विवाहित परदेशी माणसावरच्या वेड्या प्रेमावर छोटंसं, गोळीबंद पुस्तक लिहिलं. आणि दहा वर्षांनी, २००१ मध्ये, त्याच दिवसांची डायरी जशीच्या तशी छापली, काही बदललं नाही, काही काढलं नाही असं सांगून. दोन्ही ओळीने वाचा. पहिल्यात ती स्वतःकडे शांतपणे बघतेय, दुसऱ्यात नुसती फोनची वाट, फोन आला नाही, उद्या येईल, आला नाही, पानंच्या पानं. छोटं पुस्तक चांगलं आहे, पण डायरी वाचताना मला माझ्या फाडलेल्या चार पानांचा अंदाज आला. असंच काहीतरी बावळट असणार त्यात. (तिने त्या माणसाचं नाव मात्र फक्त एका अक्षरात ठेवलंय, तेवढी कात्री तिचीही.)

आणि एलेन बेर. नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, सोरबोन विद्यापीठात इंग्रजी शिकणारी ज्यू मुलगी. तिची डायरी ७ एप्रिल १९४२ ला सुरू होते, ती कवी पॉल व्हालेरीच्या इमारतीत जाते, पहारेकरणीकडे तिच्यासाठी सही करून ठेवलेलं पुस्तक घेते, आत तिच्या नावाने एक ओळ, जाग येताना किती कोमल हा प्रकाश, किती सुंदर ही जिवंत निळाई. दोन महिन्यांत तिच्या कोटावर ज्यूंना सक्तीने लावायला लागणारा पिवळा तारा आहे. मधे नऊ-दहा महिने वही बंद. परत सुरू करते तेव्हा ती म्हणते की लिहिणं हे आता कर्तव्य आहे, इतरांना कळलं पाहिजे म्हणून. आणि ती कुणासाठी लिहितेय हे तिला नेमकं माहीत आहे, झाँसाठी, तिचा ठरलेला नवरा, जो पळून जाऊन लढायला गेलाय. सुटी पानं थोडी थोडी करून ती घरच्या स्वयंपाकिणीकडे देत जाते, मला काही झालं तर त्याला दे म्हणून. ८ मार्च १९४४ ला घरच्यांसकट पकडली गेली. २७ मार्चला, तिच्या तेविसाव्या वाढदिवसाला, आउशविट्झच्या गाडीत. एप्रिल १९४५ मध्ये बर्गन-बेल्सनच्या छावणीत तिचा मृत्यू झाला, छावणी मुक्त व्हायच्या काही दिवस आधी.

स्वयंपाकिणीने पानं जपून ठेवली होती. युद्ध संपल्यावर ती पानं झाँपर्यंत पोचली, त्याच्याकडे पन्नासेक वर्षं राहिली, मग एलेनच्या भाचीने त्याला शोधून काढलं आणि त्याने हस्तलिखित तिच्या हातात दिलं. २००८ मध्ये छापलं.